राज्य कोणावर

पावण्याला, एमआयडीसीच्या नाल्याअलीकडे
मी पिंपं विकते.
निळी, दोनशे लिटरची, सोड्यानं धुतलेली,
तरी आधीच्या मालाचा वास धरून बसणारी.

यांकुबा आला तेव्हा त्यानं भाव विचारला नाही.
बोटाच्या पेरानं एकेक पिंप वाजवत गेला,
कान लावून हसला.
"आमच्याकडे मत यात टाकतात," म्हणाला,
नेरूळच्या कॉलेजात शिकलेल्या हिंदीत.
"चिठ्ठी नाही, गोटी. आत घंटा.
टण्ण एकदा झालं की ओळीला कळतं, पडलं.
दोनदा झालं की तेही कळतं.
त्या दिवशी सायकलवाल्यांना घंटी वाजवायची बंदी."

काचेची गोटी?
काचेची.
पोरं खेळतात ती?
तीच.

त्याचा देश नदीला चिकटलेला, नदीएवढाच लांब.
त्याच्या जन्माआधीपासून तिथं एकच माणूस,
आणि विरोधात सात पक्ष,
सातांच्याही गुडघ्याला बाशिंग.
सातांची सात पिंपं, गोट्या विखुरणार,
आठवं पिंप आपोआप भरणार.
हे गणित त्याच्या आजीलाही येत होतं,
फक्त त्या सातांना येत नव्हतं.

मग कुठल्याशा हॉलात ते बसले.
एक रागानं उठून गेला,
चप्पल राहिली म्हणून परत आला
आणि बसलाच.
निवडला शेवटी असा,
जो सगळ्यांना चालेल,
म्हणजे खरं तर कुणालाच नको होता.

मला बाबा आठवले.
जमिनी गेल्या तेव्हा आमच्या गावातही
सर्वपक्षीय कृती समिती झाली होती.
झेंडा कुणाचाच नको म्हणून
कोऱ्या मांजरपाटाचा बॅनर.
"आदी एक व्हा, मंग भांडा," बाबा सांगत फिरले.
पोरांनी दुसरं तेवढं ऐकलं.
पत्रिकेत वरचं नाव कुणाचं, यावर समिती फुटली.
तो बॅनर अजून शेडमध्ये आहे, झाकणांच्या ढिगावर.
घडीबाहेर एवढंच दिसतं: सर्वप

निकालाच्या रात्री यांकुबा माझ्या केबिनमध्ये.
खोलीवरच्या दोघांतला एक त्या माणसाच्या बाजूचा,
तिथं मोठ्यानं श्वासही घेता येत नव्हता.
फोनवर त्याची आई. मागं मोजणी,
भोकांच्या पाटांवर गोट्या ओतल्याचा आवाज,
तांदूळ निवडताना खडे पडावेत तसा.
जिंकले, म्हणाला. नाचला नाही.
माझ्याकडं पाणी मागितलं.

आठवड्यानं तो माणूस म्हणाला, मी जात नाही.
आईचा फोन लागेना. पैसे थांबले.
यांकुबानं महिनाभर माझी पिंपं धुतली,
हातांची सालं निघेपर्यंत.
मग एका रात्री विमान आलं आणि तो गेला.
(तो, म्हणजे तो. यांकुबा नाही.)

आता यांकुबा स्वतःच पिंपं पाठवतो, गावी पाणी साठवायला.
तुमच्या त्या एकीचं काय, मी विचारलं.
"थोड्याच दिवसांसाठी बसतो म्हणालेला अजून बसलाय.
बाकीच्यांची परत सात पिंपं."
खांदे उडवले. मग, जरा वेळानं,
"पण घंटा वाजते."

बाहेर पोरं ओरडत होती, राज्य कोणावर?
मी त्याला सांगितलं, आमच्या खेळात
जो पकडला जातो त्याच्यावर राज्य येतं.
बाकी सगळे त्याच्यापासून पळतात.
राज्य घ्यायला कुणी तयार नसतं.
तो इतका हसला की डोळे पुसले,
मग म्हणाला, परत सांग, हळू सांग.

माझ्या ओजसच्या हातातली गोटी घेतली,
धुतलेल्या पिंपाच्या तोंडातून आत सोडली.
घंटा नव्हती.
तळाला लागली, घरंगळली, बराच वेळ घरंगळत राहिली.
आम्ही पिंप उलटं केलं, आपटलं. निघेना.

ते पिंप तसंच गेलं न्हावाशेव्याहून.
ओजस अजून मागतो.
निळ्या रेघेची होती, म्हणतो, तसली मिळत नाही.